रंगरावांचा डावा हात

दवाखान्यात आडनाव पुकारलं गेलं तेव्हा नर्सबाईंनी सोजराबाईंचाच दंड धरला आणि त्यांना आत न्यायला लागल्या. "या मावशी, ब्लाऊजची बटणं सैल करून ठेवा," असंही म्हणाल्या. सोजराबाई गोंधळल्या. बाकावर बसलेल्या नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "मी नाई हो बाई. पेशंट ते हायेत."

नर्सबाईंनी हातातला कागद पुन्हा वाचला. रांगेतल्या सगळ्या बायका रंगरावांकडे बघायला लागल्या. साठीकडे झुकलेला, झुबकेदार मिशांचा, पांढऱ्या टोपीतला माणूस. रंगरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि फरशीकडे बघत राहिले. नंतर ते सोजराबाईंना म्हणाले, "ऑपरेशनचं काई वाटलं नाई मले. त्या बायका पाहून राह्यल्या होत्या ना, तवा वाटलं धरणीनं पोटात घ्यावं."

रंगराव बुलढाण्याकडच्या धाड गावचे. गावाला लागूनच त्यांचा मळा. विहिरीला पाणी बरं, म्हणून बारा महिने भाजीपाला. मेथी, मिरची, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, पण खरं नाव त्यांच्या वांग्यांचं. काट्याची, भरताची वांगी. आठवडी बाजारात त्यांचं तरट एका ठरलेल्या लिंबाखाली पडायचं आणि भरीत करायचं असलं की बायका दुसरीकडे बघायच्याही नाहीत. ते स्वतः ओरडून माल विकत नसत. वांगं उचलून हातावर तोलायचे, देठ दाखवायचे आणि म्हणायचे, "पाहा माय. आतून कापूस हाय."

डाव्या छातीच्या बोंडाखाली गाठ लागली ती आंघोळ करताना. दुखत नव्हती. केसतूड असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं. पुढे बोंड आत ओढल्यासारखं झालं आणि बनियनवर पिवळसर डाग पडायला लागले, तेव्हा सोजराबाईंनी धुणं धुता धुता विचारलं आणि बळजबरीनं बुलढाण्याला नेलं. तिथून तुकडा तपासायला गेला. मग संभाजीनगरचा मोठा दवाखाना.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितल्यावर रंगरावांना वाटलं, कागद दुसऱ्याचा आहे. "डॉक्टरसाहेब, माणसाले कुठं थान असते?"

"असतं काका, पुरुषालाही थोडंसं स्तन असतं. असे शंभर पेशंट आले तर त्यात एखादा पुरुष निघतो."

"तो एखादा मीच सापडलो काय?" रंगराव म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. रंगरावही हसले नव्हते.

ऑपरेशन झालं. छातीची डावी बाजू सपाट झाली, काखेतून गाठी काढल्या. मग सलाइनीतून औषधं, मग किरणांचे शेक. मिशा गेल्या, पुन्हा आल्या. शेवटच्या शेकाहून परत येताना एसटीत त्यांनी बायकोला बजावलं, "गावात सांगायचं, छातीत गाठ होती, काढली. बस. कोन्ती, कायची, काई सांगायचं नाई. माह्या गळ्याची आण हाय तुले."

सोजराबाईंनी गळ्याला हात लावून शपथ घेतली. पुण्यात कंपनीत असलेला मुलगा शेखर, त्याला तेवढं खरं माहीत होतं. गावात कुणालाच नाही. पूर्वी रंगराव विहिरीवर उघड्या अंगानं, मोटार चालू करून पाइपाखाली बसायचे. आता सदरा अंगावर ठेवूनच ओले व्हायचे आणि आडोशाला जाऊन बदलायचे.

दोनेक वर्षं बरी गेली. तपासणीला जायचे, डॉक्टर "ठीक आहे" म्हणायचे. मग भाच्याच्या लग्नात नवा शर्ट घालताना डावी बाही दंडावर अडकली. शिंप्याची चूक म्हणून त्यांनी ती उसवून घेतली. पण पुढे घड्याळाचा पट्टा बसेना, बोटं सुजट दिसायला लागली, आणि संध्याकाळपर्यंत हात असा जड व्हायचा की मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवावा लागायचा. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि तो बराच वेळ भरून यायचा नाही. दवाखान्यातून सुटी देताना कुणी याबद्दल काही सांगितलं असेल, तर ते दोघांनाही आठवत नव्हतं.

रंगरावांच्या मनात एकच होतं: रोग परत आला. आणि परत आला असेल तर तो कळूच नये, असंही होतं. म्हणून ते मोठ्या दवाखान्यात गेले नाहीत. गावातल्या डॉक्टरांकडे गेले.

"याआधी काही ऑपरेशन झालंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छातीत गाठ होती. काढली," रंगराव तोंडातल्या तोंडात म्हणाले. बाहेर माणसं बसलेली होती. डॉक्टरांनी लघवीवाटे पाणी जायच्या गोळ्या दिल्या. दिवसभर रंगराव बांधावर जाऊन थकले, हात तेवढाच राहिला. सोजराबाईंनी मिठाच्या गरम पाण्याचा शेक दिला, एरंडाची पानं तापवून बांधली. त्या शेकानं तर तो आणखी तटतटला. हे दोघांनाही दिसत होतं, पण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं, म्हणून त्या शेकत राहिल्या.

बाजारात त्यांच्या शेजारी हिंमतराव बसायचे. कांदे-लसणाचा धंदा, तोंडाचे सैल, मनाचे बरे. एका बाजारी त्यांनी सरळ विचारलं, "रंग्या, हे काय बे? हात हाय का मुसळ? माह्या साडूच्या गावाकडं, चंद्रपूरकडं, असे लय पाय पाह्यले म्या. हत्तीरोग हाय हा."

रंगरावांना त्या शब्दानं सुटल्यासारखं झालं. ते म्हणाले, "हाव. तोच हाय. डासानं होते म्हणे."

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सोजराबाईंना सांगितलं, "कोणी विचारलं तर हत्तीरोग सांगजो." सोजराबाईंना ते पटलं नाही.

आठ-पंधरा दिवसांत ते बाजारभर झालं. आणि जे सोपं वाटलं होतं तेच अंगाशी आलं. रंगरावांनी वांगं हातावर घेऊन पुढे केलं की बायका म्हणायच्या, "राहू द्या भाऊ, मीच निवडून घेते." जुनी गिऱ्हाइकं समोरून जाताना पिशवी दुसऱ्या हातात घ्यायची. डासानं होतं, हातानं नाही, हे रंगराव एकदोघींना सांगायला गेले, पण मुळात तो रोगच आपल्याला नाही, हे मनात असताना त्यांना जोर लावून सांगता येईना. एका बाजारी हिंमतरावांनी आपलं तरट हातभर पलीकडे ओढून घेतलं. कांदे मांडण्याच्या निमित्तानं. तेव्हापासून रंगराव डावा हात उपरण्याखाली झाकून बसायला लागले आणि तोलायचं काम सोजराबाईंकडे गेलं.

पुढचं झालं ते वांग्याच्या काट्यानं. देठाचा काटा डाव्या करंगळीत गेला. असे काटे जन्मभर गेले होते. रंगरावांनी तो दातांनी उपटून टाकला आणि काम चालू ठेवलं. दुपारी थंडी वाजून आली. उन्हात गोधडी घेऊन झोपले तरी दात वाजत होते. हात खांद्यापर्यंत लालभडक, विस्तवासारखा गरम. शेजारच्याच्या जीपनं सोजराबाई त्यांना बुलढाण्याला घेऊन गेल्या.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सदरा काढायला सांगितला. रंगराव तापातही सदरा घट्ट धरून बसले. शेवटी सोजराबाईंनीच बटणं काढली. डॉक्टरांनी छातीवरचा लांब व्रण पाहिला, मग हात पाहिला आणि सलाइनची सुई उजव्या हाताकडे वळवली.

"काका, दाखल होताना कागदावर हत्तीरोग कुणी लिहायला सांगितलं?"

रंगराव भिंतीकडे तोंड करून पडले. सोजराबाई म्हणाल्या, "म्या आण घेतली होती बाई. पन आता सांगतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक ऐकत होते. पण सोजराबाईंना इलाज नव्हता.

ताप उतरल्यावर डॉक्टर खाटेपाशी स्टूल घेऊन बसल्या. म्हणाल्या, "रोग परत आलाय असं दिसत नाही, तरी तपासून घेऊ. हे वेगळं आहे. काखेतल्या गाठी काढल्या ना, त्या वाटेनं हातातलं पाणी परत जात होतं. वरून शेकानं ती जागा कडक झाली. वाट बंद, म्हणून पाणी साचतं. आणि साचलेल्या हाताला एक काटाही पुरतो, बघितलंत ना?"

"मंग ती वाट खोला ना डॉक्टरबाई."

"तशी नाही खुलत काका."

रंगरावांनी उजव्या हातानं सदरा छातीवर ओढून घेतला. मग म्हणाले, "हे मी आधी सांगितलं असतं, त एवढं झालं नसतं काय?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं नाही. "लवकर कळलं असतं तर कदाचित एवढा वाढला नसता," त्या म्हणाल्या.

मसाज आणि पट्ट्या बांधून सूज उतरवणारे लोक असतात, हे त्यांनीच सांगितलं. जिल्ह्यात असं कोण करतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बरेच फोन करून त्यांनी संभाजीनगरच्या एका फिजिओथेरपिस्टचं नाव मिळवून दिलं. हिमानी मॅडम.

मॅडमची खोली एका इमारतीच्या मागच्या बाजूला होती. बाहेर बाकावर सगळ्या बायकाच. कुणाचा हात पदराखाली, कुणाचा ओढणीखाली. रंगरावांचा उपरण्याखाली. पण आत गेल्यावर मॅडमनी त्यांना बसवलं आणि विचारलं, "काका, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. रंगरावांना वाटलं, जडपणाचं सांगावं, झोपेचं सांगावं. तोंडातून आलं ते वेगळंच. "लोकाईले काय सांगू, हेच समजत नाई मॅडम." हिमानी मॅडमनी त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि काखेपासून हलक्या हातानं मसाज सुरू केला. इतका हलका, की रंगरावांना वाटलं, मॅडम नुसत्या कुरवाळून राहिल्यात, यानं काय होणार.

मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "हा पूर्ण बरा होईल असं मी म्हणणार नाही. ताब्यात राहील. पण रोज बांधावा लागेल, जन्मभर जपावा लागेल. ओझं नाही, काटा नाही, ऊन नाही, गरम शेक तर मुळीच नाही."

"काटा नाई, ऊन नाई, मंग वावरात जाऊ कसा?" रंगरावांनी विचारलं. मॅडम पट्ट्यांची गुंडाळी उलगडायला लागल्या.

सोजराबाईंची एक चुलतबहीण शहरात होती. तिच्या एका खोलीच्या घरात दोघं राहिले आणि रोज मॅडमकडे गेले. आधी बोटांना एकेक करून पातळ पट्टी, मग कापसाची गुंडाळी, त्यावर मनगटापासून खांद्यापर्यंत घट्ट पट्ट्या, वर जाताना थोड्या थोड्या सैल. हात लाकडासारखा व्हायचा. पण पट्ट्या सोडल्या की खरंच बारीक झालेला असायचा. एका सकाळी मनगटाचं हाड दिसलं. सोजराबाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि त्या हसल्या. "सापडलं पाहा," म्हणाल्या. रंगरावही हसले. त्या दिवशी संध्याकाळी दोघांनी रस्त्यावर उभं राहून भजी खाल्ली.

मॅडमनी सोजराबाईंना बांधायला शिकवलं, हाताची मापं घेतली आणि मापाची बाही मागवली. ती मुंबईहून येणार होती. "ती येईपर्यंत पट्ट्या सोडायच्या नाहीत," असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मळ्याची राखण किती दिवस दुसऱ्यावर टाकणार? दोघं धाडला परतले.

तेव्हा वैशाख तापलेला. पत्र्याखाली बसलं तरी अंगातून पाणी निथळायचं. पट्ट्यांच्या आत घाम, त्यावर धूळ, आणि अशी खाज की रंगराव भिंतीच्या कडेला हात घासायचे. त्यांना वांग्याला हात लावायचा नाही, म्हणून तोडणी, पाणी, बाजार सगळं सोजराबाईंवर. त्या दिवसभर राबून आल्या की त्यांना बांधायला बसावं लागायचं. कधी पट्टी एवढी आवळली जायची की बोटं निळी पडायची, कधी एवढी सैल की सकाळी मनगटाशी गोळा झालेली असायची.

"मॅडमच्या हातानं बसते, तुह्या हातानं काऊन बसत नाई?" रंगराव एकदा चिडून म्हणाले.

सोजराबाईंनी गुंडाळी खाली टाकली. "मॅडम वावरातून येते काय? माह्या हाताची बोटं तरी पाहा एकदा. मिरचीनं आग होऊन राह्यली सकाळपासून."

रंगरावांनी त्यांची बोटं पाहिली. मग स्वतःच दातांनी पट्टीचं टोक धरून सोडायला सुरुवात केली. सोजराबाई रडत होत्या, पण त्यांनी अडवलं नाही. त्या दिवसापासून पट्ट्या दोरीवर वाळत राहिल्या, आणि आठवडाभरात मनगटाचं हाड पुन्हा बुडालं.

बाहीचं पार्सल आलं ते त्यानंतर. अंगाच्या रंगाची, जाड रबरी विणीची बाही. हात उतरला होता तेव्हाच्या मापाची. सोजराबाईंनी हाताला पावडर चोपडली, रंगरावांनी खाटेच्या खुराला पाय लावला आणि दोघांनी मिळून ती वर ओढली. कोपराशी अडकली. पुढे जाईना, मागे येईना. काढताना कातडी सोलल्यासारखी झाली. मग दोघं ती बाही मधे ठेवून बसून राहिले. रंगराव म्हणाले, "ज्या हातासाठी आली, तो हात राह्यलाच नाई."

दोघं पुन्हा संभाजीनगरला गेले. मॅडमची खोली बंद होती. शेजारच्या काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, मॅडमच्या नवऱ्याची बदली झाली, त्या नागपूरला गेल्या.

"मंग आता इथं कोण पाह्यते?"

"सध्या कोणी नाही काका. पुण्यात आहेत, मुंबईत आहेत."

बाकावर आणखी एक बाई बसून होती. तिलाही आत्ताच कळलं होतं. साखरखेर्ड्याहून एकटी आलेली, कोकिळा नावाची. तिनं रंगरावांना विचारलं, "कोणाले आणलं भाऊ? बाईले हाय का?"

रंगरावांनी उपरणं बाजूला केलं. मग म्हणाले, "नाई ताई. मलेच हाय. थानाचा झालता."

सोजराबाई चमकून बघायला लागल्या. कोकिळेला मात्र काहीच नवल वाटलं नाही. "मंग दाखवा हात," ती म्हणाली. सोजराबाईंच्या पिशवीतून पट्ट्या काढून तिनं तिथंच बाकावर, मॅडम कशा करायच्या ते आठवत आठवत बांधायला घेतलं. मधेच चुकायची, सोडायची, पुन्हा बांधायची. स्वतःचा सुजलेला हात तिला नीट वळत नव्हता. "माहा कोणी बांधत नाई," ती सहज म्हणाली. "पोरगी शाळेत जाते, नवरा म्हणते मले जमत नाई." सोजराबाईंनी मग तिचा बांधला. एकमेकींचे फोननंबर घेतले. रंगरावांचं बांधलेलं भोकरदनपर्यंत टिकलं. पुढे गाडीच्या धक्क्यांनी सैल होऊन मनगटावर आलं.

पुढच्या बाजारी रंगरावांनी हिंमतरावांना खरं सांगितलं. हिंमतराव आधी हसले. "बाईचा रोग? तुले?" मग रंगरावांचं तोंड पाहून कांदे निवडायला लागले. आठवडाभरात तेही गावभर झालं. हत्तीरोगाला लोक लांबून बघायचे, याला जवळ येऊन विचारायचे. काहीजण कुजबुजायचे. रंगरावांना दोन्हींत फारसा फरक वाटेनासा झाला होता.

त्यांनी वांगी सोडली. मळ्यात आता नुसती मेथी आणि सांबार असतो, तोही सोजराबाई काढतात. पावसाळ्यात दोनदा पुन्हा ताप आला, दोनदा बुलढाणा झालं. दर तापानंतर हात थोडा आणखी टणक राहतो. शेखर पुण्याला बोलावतो, पण तिथं जाऊन राहायचं म्हणजे मळा टाकायचा. बोलणं तिथंच थांबतं.

परवा कोकिळेनं हिमानी मॅडमचा नवा नंबर मिळवून दिला. फोन केला तर मॅडमनी ओळखलं. म्हणाल्या, "व्हिडिओवर घ्या, मी सांगते तसं बांधा." दुपारची वेळ होती. सोजराबाईंनी फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि कामाला लागल्या. मॅडम तिकडून सांगत होत्या, "अंगठ्याच्या खालून घ्या मावशी. हां. आता मनगटावर दोन वेढे. अजून थोडं सैल..."

चित्र थांबलं. मॅडमचं तोंड अर्धवट उघडं, तसंच राहिलं.

"मॅडम?" सोजराबाई म्हणाल्या. "मॅडम, आयकू येते का?"

"रेंज गेली," रंगराव म्हणाले.

सोजराबाईंच्या एका हातात पट्टीची गुंडाळी होती, दुसऱ्या हाताखाली मनगटावरचा वेढा दाबून धरलेला. "मंग आता? सोडू का?"

"नको. धरून ठेव," रंगराव म्हणाले. "येईल पुन्हा."